पानाचा पिवळा रंग

केळीच्या एका पानाचा खरा रंग फोटोत उतरवायला माझी अख्खी दुपार गेली. पुढच्या आठवड्यात तोच रंग बिघडवून द्या म्हणून एक गृहस्थ पैसे काढून समोर बसले. दोन्ही वेळी बटणं तीच होती. त्यावरून डोक्यात जे सुरू झालंय ते अजून थांबलेलं नाही, म्हणून लिहितोय.

जळगाव जिल्ह्यात सावद्याकडे माझा छोटा फोटो स्टुडिओ आहे. पोळ्याच्या आसपास लग्नं नसतात. पासपोर्ट, दाखल्यांचे फोटो आणि लॅमिनेशन यावरच दिवस निघतात. पहिला डीएसएलआर, म्हणजे लेन्स बदलता येणारा मोठा कॅमेरा, नुकताच घेतला होता, सोबत त्याच्याबरोबर येते ती साधी १८-५५ ची लेन्स. ज्यांच्या हाताखाली मी शिकलो ते वस्ताद मोडचा डायल हिरव्या ऑटोवरून, जिथे सगळं कॅमेराच ठरवतो, हलवू द्यायचे नाहीत. "बाकी फोटोशॉपमध्ये बघू" हा त्यांचा मंत्र. आमच्या भागातल्या निम्म्याअधिक स्टुडिओंचा तोच आहे, आणि त्यापायी प्रत्येक नवरी एकाच रंगाची दिसते. मला डायल हलवायचा होता.

आमच्याकडचे केळीवाले शेतकरी नाना. त्यांची यंदाची मृगबाग, म्हणजे मृगात लावलेली केळी, तीन हजार खोडांची, सगळी प्रयोगशाळेत वाढवलेली टिश्यू कल्चरची रोपं, वय दोन-अडीच महिने. पानांवर पिवळ्या रेघा दिसायला लागल्या आणि नानांची झोप उडाली. आमच्याकडे असा पिवळेपणा दिसला की पहिलं नाव येतं हरण्याचं, म्हणजे कुकुंबर मोझॅक व्हायरस. मावा तो पसरवतो. त्याच्यावर औषध नाही. रोगट खोड मुळासकट काढून नष्ट करायचं आणि माव्यासाठी फवारणी करायची, एवढंच हातात. काकडीवर्गातली पिकं किंवा तसलं तण बागेत असेल तर रोगाला आणखी फावतं. रावेर-यावल पट्ट्यात पावसाळ्यात ढगाळ हवा धरली की प्रत्येक बांधावर याचीच चर्चा असते.

गावाने निकाल देऊन टाकला होता: उपटा. नानांच्या पुतण्याने मोबाइलवर फोटो काढून जळगावच्या एका निवृत्त कृषी शास्त्रज्ञांना पाठवले. सरांचं उत्तर आलं की एकाच झाडाच्या तीन फोटोंत तीन हिरवे रंग आहेत, मी कोणत्यावर विश्वास ठेवू? मोबाइल त्याच्या परीने हुशारच. शेत दिसलं की ते हिरवंगार असलं पाहिजे हे त्याने ठरवलेलं असतं. पोपटी, फिकट, मळकट सगळं एका झकास हिरव्यात घोळून टाकतो. पिवळी रेघ गेली की निदान गेलं.

शेतात येऊन स्वतःच्या डोळ्यांनी पाहील असं माणूस नानांना आठवडाभर मिळालं नाही. ज्यांचं ते काम आहे त्यांच्याकडे गावं किती आणि माणसं किती, हे मलाही ठाऊक आहे. पण उपटायचं की ठेवायचं, याचा फैसला स्टुडिओवाल्याच्या कॅमेऱ्यावर येऊन टेकावा ही काही बरी व्यवस्था नव्हे. नाना आले ते सरळ म्हणाले, "लग्नातला मोठा कॅमेरा घे भो, आणि चल."

शेतावर पोहोचलो तर आभाळ एकसारखं पांढुरकं. मला तेच हवं होतं. केळीच्या पानाला मेणचट तकाकी असते. कडक उन्हात त्यावर पांढरा चट्टा चमकतो आणि खाली काय आहे ते झाकून टाकतो. तेवढ्यात थेंब पडायला लागले. पुतण्याने प्रेमाने निळी ताडपत्री माझ्या नि झाडाच्या डोक्यावर धरली आणि पान तत्क्षणी आजारी निळसर झालं. ती बाजूला करायला लावली. मग नानांनी छत्री उघडली, ती नारिंगी. शेवटी कॅमेऱ्यावर पिशवी घातली आणि भिजत काम केलं.

सुरुवातीला व्हाइट बॅलन्स, म्हणजे प्रकाशाचा रंग वजा करण्याचा कॅमेऱ्याचा हिशेब, मुद्दाम ऑटोवर ठेवून पाहिला. पूर्ण झाड घेतलं की एक रंग, जवळ जाऊन चौकट पानाने भरली की दुसरा. त्यात कॅमेऱ्याचा दोष नाही. चौकटीत पांढरं-करडं काहीच नसेल, सगळा पिवळा-हिरवाच असेल, तर तो प्रकाशाचा रंग आहे असं समजून कॅमेरा तो उतरवायला जातो. म्हणजे नेमकी जी पिवळी झाक सरांना पाहायची होती ती गळते.

नानांनी पुतण्याच्या वहीचा कोरा कागद पुढे केला. तो घेतला नाही. हल्लीच्या कागदात पांढरेपणा वाढवणारी द्रव्यं असतात, उघड्या आभाळाखाली तो किंचित निळा पडतो. माझ्याजवळ १८ टक्के उजेड परतवणारं, कुठल्याच रंगाची झाक नसलेलं करडं कार्ड होतं. ते पानाच्या जागी, पानाच्याच कोनात धरलं, चौकटभर फोटो घेतला आणि मेनूत जाऊन त्याच फोटोवर कस्टम व्हाइट बॅलन्स बसवला. यात डोक्यात ठसवून घेण्यासारखी बाब एकच, की हे माप प्रकाशाचं असतं, पानाचं नव्हे. आभाळ तेच आहे तोवर कितीही पानं बदला, पुन्हा मोजायचं कारण नाही. आभाळ बदललं की कार्ड परत काढायचं. त्या दुपारी ते बरेचदा काढलं.

एक्स्पोजरची, म्हणजे फोटोत किती उजेड घ्यायचा याची, भानगड निराळी. मागे आपली काळी जमीन, तीही ओली. कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरला वाटतं सगळंच अंधारलंय, म्हणून तो उजळवायला जातो आणि पान फिकं पडतं. पिवळा म्हणजे कॅमेऱ्याच्या हिशेबात लाल आणि हिरवा मिळून; त्यातला एक जरी वर जाऊन ठोकला की पिवळी रेघ पांढुरकी होते. पांढुरकी रेघ पाहून सर भलतंच काही समजले असते. म्हणून एक्स्पोजर उणे दोन-तृतीयांशावर आणलं आणि हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाचा आलेख, तिन्ही रंगांचा वेगवेगळा उघडून पाहत राहिलो. सरांनी एक फोटो पान उजेडाच्या दिशेने धरून मागितला होता, कारण तुटक रेघा तशा स्पष्ट दिसतात. तिथे उलटं. पाठीमागे आभाळ, मीटर घाबरतो, पान काळवंडतं. तिथे अधिक एकच्याही वर जावं लागलं.

फोकसला मात्र वाऱ्याने छळलं. फोकसचे सगळे बिंदू चालू ठेवले तर कॅमेरा जवळात जवळ जे असेल ते पकडतो, आणि केळीत सगळ्यात जवळ नेहमी दुसरंच कुठलंतरी पान असतं. फक्त मधला बिंदू ठेवला. लेन्सचं भोक मोठं ठेवून, एफ ५.६ वर, पानाची शीर धारदार आणि कड धूसर येत होती. भोक लहान करून एफ ११ वर गेलो, पान आणि कॅमेरा समांतर धरला. हलणाऱ्या पानासाठी शटर १/२५० सेकंदाच्या खाली उतरायचं नाही, म्हणून आयएसओ, म्हणजे उजेडाची संवेदनशीलता, ४००. फोटो रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या कच्च्या फाइलमध्ये. प्रत्येक चौकटीच्या कोपऱ्यात करडं कार्ड आणि शेजारी त्याच बागेतलं एक निरोगी पान. ही शेवटची युक्ती माझी स्वतःची, आणि तिचा मला अभिमान आहे. सरांच्या पडद्यावर रंग कसाही दिसो, दोन पानांतला फरक तर खराच राहणार.

फोटो मेलने पाठवले. व्हॉट्सअॅपवर टाकले असते तर सगळी मेहनत पिळून निघाली असती. रात्री सरांचा फोन आला. एकाच शेतात दोन दुखणी आहेत, ते म्हणाले. विखुरलेल्या काही खोडांवर तुटक पट्टे आहेत, पोंग्याची, म्हणजे शेंड्यातली कोवळी, पानं वेडीवाकडी; ती काढा. पण बांधाकडच्या ओळींत नवी पानं फिकट आणि शिरा हिरव्या आहेत. तिथे जमीन चुनखडीची आहे का? नाना दचकले. होती. मग ते लोहाच्या कमतरतेसारखं दिसतंय, फेरस सल्फेटची फवारणी करून वाट पाहा, उपटू नका. आणि हेही बजावलं की फोटो म्हणजे प्रयोगशाळा नव्हे, पानं तपासणीला पाठवाच.

नानांनी खुणा केलेली खोडं काढली आणि बांधाकडच्या ओळी ठेवल्या. मी मनातून भ्यालो. नवरीच्या शालूचा रंग चुकला तर शिव्या बसतात, एवढाच माझा आजवरचा धोका. फवारणीनंतर त्या ओळी हळूहळू हिरव्या धरू लागल्या. तरी मी तिकडून गेलो की गाडी थांबवतोच.

गोष्ट गावभर झाली आणि मग ते दुसरे गृहस्थ आले. त्यांच्याही बागेचे फोटो मी त्याच पद्धतीने काढून दिले. पानं फिकट होती, पण रेघा जवळजवळ नाहीत. त्यांना रोपं पुरवणाऱ्याकडे भरपाई मागायची होती, रोग रोपांतूनच आला म्हणून. तसं होतंही, मातृरोप तपासलेलं नसेल तर विषाणू रोपांबरोबर शेतात येतो. पण ह्यांच्या पानांवर तो दिसत नव्हता. "जरा पिवळं कर ना. पट्टे पट्टे दिसले पाहिजेत."

रॉ फाइलमध्ये हे दोन मिनिटांचं काम. तापमानाचा स्लायडर उजवीकडे, हिरवा थोडा खाली, कॉन्ट्रास्ट वर, की निरोगी पानही रोगट दिसतं. नाही म्हणालो. खोटं होईल काका, म्हणालो.

त्यांनी भिंतीवरच्या अल्बमकडे हात केला. "आणि ह्या पोरी? ह्या सगळ्या अशाच गोऱ्या आहेत का?"

तिथे मी अडकलो. ते कामाचे पैसे असतात, लोक तसंच मागतात, त्यात कुणाचं नुकसान नाही, असं काहीबाही बोललो. ते हसले आणि उठले. स्टँडवरच्या दुसऱ्या स्टुडिओत त्यांचं काम झालं असं नंतर कळलं. भरपाईचं पुढे काय झालं ते मी विचारलेलं नाही.

तुळशीच्या लग्नानंतरच्या तारखा आता लागल्या आहेत. पहिलीच नवरी चांगली सावळी आहे, आणि तिच्या मामाने आगाऊ रक्कम देतानाच "पोरगी जरा उजळ दिसली पाहिजे" असं सांगून ठेवलंय. मी हो म्हटलेलं नाही, नाहीही म्हटलेलं नाही. हळदीच्या दिवशी बॅगेत करडं कार्ड ठेवणार आहे, आणि मामाशी बोलायचं की आधी नवरीलाच विचारायचं, हे अजून ठरत नाहीये.