हिडकलच्या पाण्यावर स्की : ११५ की १५०?

बेळगाव जिल्ह्यातल्या हिडकल धरणावर बोटीमागे दोरीने ओढून स्की करायची, म्हणून बोट तयार करतोय. मागच्या नोंदीत तिचा १७ फुटी हल, म्हणजे सांगाडा, रंगवून झाल्याचं लिहिलं होतं. त्यानंतरचे दोन महिने एकाच प्रश्नात गेले : आउटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेर टांगायचं इंजिन) ११५ हॉर्सपॉवरचं घ्यायचं की १५०? हलवरच्या पाटीवर कमाल १५० आहे, म्हणजे दोन्ही चालतात. खास स्की बोटींत असतं तसं ५.७ लिटरचं व्ही-८ इनबोर्ड (बोटीच्या आत बसणारं इंजिन) घे, असंही एकाने सुचवलं. पण धरणाच्या काठावरून तेवढं धूड उतरवणं-चढवणं आमच्या जीपला झेपणार नाही.

मालवणच्या मित्राने त्याचं मर्क्युरी ११५ पंधरा दिवस वापरायला दिलं. हल तिकडे नेऊन इंजिन तिथेच बसवलं आणि कर्ली खाडीत फिरवून पाहिलं. दोन माणसं, १७ पिचचा पंखा (पिच म्हणजे एका फेऱ्यात पंखा जेवढा पुढे सरकायला हवा ते अंतर, इंचांत), पूर्ण थ्रॉटलला ५५०० आरपीएम. एकदम खूश! मग आंबोली घाट चढून बोट घरी आणली, परवानगी काढली आणि हिडकलला उतरवली. तोच पंखा, तीच दोन माणसं, पण काटा ५२०० च्या वर जाईना.

प्लग बघितले, पेट्रोल बदललं. दोष इंजिनाचा नव्हताच. धरण भरलेलं असताना हिडकलचं पाणी समुद्रसपाटीपासून सुमारे ६६० मीटरवर असतं. दर हजार फुटांना साधारण ३ टक्के ताकद कमी होते, कारण हवा विरळ. म्हणजे आपल्याकडे ११५ चे १०७ धरायचे आणि १५० चे १४०. कोकणात किंवा गोव्यात ट्रायल घेऊन इंजिन ठरवणाऱ्यांनी हा हिशेब आधी करावा, ही कळकळीची विनंती.

मग १५ पिचचा पंखा लावला. आरपीएम ५६०० वर गेले, जीपीएसवर वेग मात्र ५७ वरून ५५ किलोमीटरवर आला. ते दोन किलोमीटर गेल्याचं मला काहीच वाटलं नाही. स्लॅलमच्या (एका स्कीवर बोयांना वळसे घालत जायच्या) स्पर्धेत पुरुषांसाठी कमाल वेग ५८ असतो, आमची हौस ४०-४५ मध्ये भागते. स्कीत खरी कसोटी पहिल्या पाच-सहा सेकंदांची. माणूस गुडघे छातीशी घेऊन पाण्यात बसलेला, दोरी ताणलेली, आणि बोटीने त्याला उचलत स्वतःही प्लेनवर यायचं, म्हणजे पाणी ढकलायचं सोडून त्यावरून सरकायला लागायचं.

सकाळी सात वाजता वारा नव्हता. मुलगी ४८ किलोची, दोन्ही पंख्यांवर सहज उठली. मग दाजी, ८८ किलो. १७ वर नाक वर करून बोट नुसती पाणी ढकलत राहिली. मागून ओरडा आला, "ओढ की रे, पाणी पिऊन पोट भरालंय!" नऊ सेकंदांनी त्यांनी दोरी सोडली. १५ वर सहाव्या सेकंदाला ताठ उभे! पण एका स्कीवर तीनदा प्रयत्न करूनही उठले नाहीत, आणि तेव्हा बोटीत आम्ही दोघंच होतो. चौघं बसले तर काय होणार, ते उघड आहे.

म्हणून १५० ठरलं. नुसत्या हॉर्सपॉवरच्या आकड्यासाठी नाही. मर्क्युरीचं ११५ हे २.१ लिटरचं आणि १५० हे ३ लिटरचं, दोन्ही चार सिलिंडर. उचलताना लागणारा खालच्या आरपीएमचा जोर त्या जास्तीच्या लिटरमधून येतो. पंखा बदलून ११५ ला मदत होते, पण पंखा लिटर वाढवत नाही. ४२ च्या वेगाने ओढताना पेट्रोलमध्येही फार फरक पडू नये, असा माझा अंदाज आहे. बसवल्यावर मोजून लिहीन.

अडचण वजनाची. ११५ साधारण १६३ किलो, १५० साधारण २०६. ट्रान्समवर (इंजिन टांगतात त्या बोटीच्या मागच्या फळीवर) ४३ किलो जास्त. त्यामुळे बॅटरी आणि पेट्रोलची टाकी पुढे सरकवतोय. ट्रान्समच्या आतल्या कोपऱ्यांत दोन आधार हवेत, ते उद्यमबागच्या वर्कशॉपमध्ये स्टेनलेसचे वाकवून घेतोय. रविवारी ट्रान्समचं प्लायवूड हातोडीने इंच-इंच ठोकून बघणार. डाव्या बोल्टाजवळ आवाज जरा बद्द येतोय. तिथे ओल निघाली तर इंजिनाआधी ट्रान्सम बदलावा लागेल.