फियाटचा सायलेन्सर आणि काकूंची डोकेदुखी

जुलैचा महिना, पंचगंगेचं पाणी चढायला लागलेलं, आणि भर पावसात एक फियाट माझ्या गॅरेजच्या दारात येऊन थांबली. प्रीमियर पद्मिनी, 1988 चं मॉडेल, फिकट निळी. बंपरचं क्रोम असं जपलेलं की बघत राहावं. चालवणारा पंचविशीतला पोरगा, इथल्याच एका फाउंड्रीत नोकरीला. गाडी आजोबांची. आजोबा गेल्यावर घरच्यांनी विकायला काढली होती, यानं विकू दिली नाही. पगारातून थोडं थोडं करत वायरिंग, ब्रेक, सीटकव्हर सगळं नीट करून घेतलं होतं. अशी पोरं आली की मला काम करायला हुरूप येतो.

त्यानं डिक्कीतून एक खोकं काढलं. आत स्टेनलेस स्टीलचा चकचकीत फ्री-फ्लोचा, म्हणजे धूर फारसा न अडवणारा, सायलेन्सरचा डबा आणि अडीच इंची पाइपाचा तुकडा. ऑनलाइन मागवलेला.

"मामा, एवढं बसवून द्या. आवाज खर्जातला पाहिजे. उद्या पहाटे गगनबावड्यावरनं मालवणला निघायचंय."

मी म्हटलं, आधी गाडी चालू कर, ऐकू दे. चालू केल्या केल्या बोनेटखालून टिक-टिक-टिक सुरू. रेस दिली की त्याचंच फट्-फट् व्हायचं. इंजिनाला धुराचा पाइप जिथं जोडतात त्या सांध्याचं, म्हणजे फ्लँजचं, पॅकिंग गेलंय हे खाली न वाकताही कळत होतं. पण माझं लक्ष दुसरीकडं गेलं. मागच्या सीटवरनं त्याची आई उतरली, खांबाला धरून उभी राहिली आणि कपाळ दाबायला लागली. आमच्या पोरानं पाणी दिलं.

"काकू, बरं वाटत नाही का?"

"काही नाही हो. या गाडीत बसलं की डोकं चढतंय, मळमळतंय. उतरलं की तासाभरात बरं वाटतंय. वयाचं असंल."

"कधीपासनं होतंय असं?"

"पाऊस लागल्यापासनं जास्तच."

पोरगा म्हणाला, "मला तर पुढं काही होत नाही." होणार कसं? फियाटला पुढच्या दारांना तिकोनी काच असते, ती हा पावसातही थोडी उघडी ठेवून चालवायचा. मागच्या काचा मात्र पावसामुळं गच्च बंद. गाडीत बसलं की डोकं दुखतं, उतरलं की थांबतं, आणि काचा बंद झाल्यापासून वाढलंय, या तीन गोष्टी एकत्र ऐकल्यावर मी त्याला सांगितलं की आज आवाजाचं काही बोलायचं नाही.

पेट्रोल इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. आपल्याला जो वास येतो तो न जळलेल्या पेट्रोलचा आणि बाकी वायूंचा. त्यामुळं वास येत नाही म्हणजे गाडीत धूर नाही, असं अजिबात नसतं. हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट धरतो. आधी डोकं दुखतं, मग मळमळ, मग झोप. लोकांना वाटतं घाट लागला, गाडी लागली. बंद बाथरूममध्ये गॅस गिझरमुळं माणसं गेल्याच्या बातम्या आपण दर हिवाळ्यात वाचतो. वायू तोच. मागच्या सीटवर मान टाकून झोपलेलं लेकरू दमलंय की त्याला धूर लागलाय, हे पुढं बसलेल्याला कळत नाही, आणि मला याचीच सगळ्यात जास्त भीती वाटते.

काकूंना परत त्या गाडीत बसवायचा प्रश्नच नव्हता. रिक्षा बोलावली, त्यांच्या पोराला सोबत पाठवलं. म्हटलं, घरी जाऊ नका, सरळ दवाखान्यात जा आणि गाडीचा धूर लागलाय असं स्पष्ट सांगा. नुसतं डोकं दुखतंय म्हणालात तर गोळी देऊन परत पाठवतील. डॉक्टरांनी काकूंना काही तास ऑक्सिजन लावून ठेवलं, संध्याकाळी घरी सोडलं.

इकडं आम्ही गाडी खालून बघायच्या खड्ड्यावर घेतली. जाड ओलं फडकं घेऊन मागचं नळकांडं क्षणभर दाबून बघितलं. सायलेन्सर धड असेल तर इंजिन गुदमरतं, बंद पडायला येतं. ही गाडी आपली खुशाल चालू. म्हणजे धूर शेपटीतून कमी आणि वाटेतूनच जास्त निघत होता. मॅनिफोल्डच्या, म्हणजे सगळ्या सिलिंडरांचा धूर एकत्र करणाऱ्या भागाच्या, फ्लँजवर काजळीचा काळा पंखा उमटलेला, तो आवळणारा एक स्टड, म्हणजे आटे असलेली सळई, गायब. बेंड पाइपावर जुन्या वेल्डिंगचं ठिगळ, त्यावर दुसरं ठिगळ. जुन्या सायलेन्सरच्या डब्याची शिवण वरच्या बाजूनं उसवलेली. खालून बघणाऱ्याला दिसणार नाही अशी, तोंड बरोबर मागच्या सीटच्या पत्र्याकडं.

पत्र्यावर कुणीतरी डांबराचा जाड थर मारून ठेवला होता. वरून छान काळाकुळकुळीत. स्क्रू-ड्रायव्हरनं टोचलं तर तो आरपार गेला. मग गाडीत शिरून मागची रबर मॅट काढली, त्याखालचं फेल्ट उचललं. फेल्टच्या खालच्या अंगाला काजळीचं वर्तुळ होतं, बरोबर भोकाएवढं, कडा फिकट होत गेलेल्या. मी तो तुकडा कापून बाजूला ठेवला. पोरगा दवाखान्यातून आल्यावर त्याच्या हातात दिला. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "मालवण रद्द. तुम्हाला पाहिजे तेवढा वेळ घ्या."

त्यानं आणलेल्या डब्याचं काय, हेही त्याला नीट समजून हवं होतं, आणि ते सांगणं माझं कामच आहे. या इंजिनाची क्षमता 1089 सीसी, ताकद चाळीस हॉर्सपॉवरच्या आसपास. धूर इंजिनातून सलग निघत नाही, ठोक्याठोक्यानं निघतो. पाइप योग्य मापाचा असला तर पुढचा ठोका वेगानं जाताना मागच्याला ओढून घेतो आणि सिलिंडर नीट रिकामा होतो. एवढ्याशा इंजिनाला अडीच इंची पाइप लावला की धुराचा वेग मरतो, ही ओढ जाते, आणि इंजिनाच्या खालच्या फेऱ्यांवरचा (कमी आरपीएमवरचा) दम कमी होतो. घाटात दुसऱ्या गिअरवर नेमका तोच दम लागतो. आवाज वाढल्यामुळं गाडी जोरात पळतेय असं वाटतं, एवढंच. शिवाय कर्कश सायलेन्सरवर मोटार वाहन कायद्याच्या कलम 190(2) खाली 10,000 रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे, आणि आपल्याकडच्या शहरांत पोलिस असे डबे जप्त करून रोडरोलरखाली घालतात, तेही त्यानं बघितलेलं होतं.

पण म्हणून कंपनीचं होतं तसंच बसवायचं असंही नाही. जुन्या गाडीला चांगला सायलेन्सर बनवता येतो. आम्ही दीड इंची पाइप ठरवला, मॅनिफोल्डपासून शेपटीपर्यंत सगळा नवा. मधे लांब डबा, आतून सरळ जाळीची नळी आणि भोवती ग्लासवूल. शेवटी एक छोटा डबा. खर्जातला आवाज डब्याच्या लांबीतून आणि पोटातून येतो, उसवलेल्या शिवणीतून नाही.

उरलेल्या दोन स्टडपैकी एक हात लावताच तुटला, चाळीस वर्षांच्या गंजाला दुसरं काय येणार. तुटलेल्या टोकावर नट ठेवला, नटाच्या भोकातून वेल्डिंगचा टिपका सोडला, लालभडक झाल्यावर थोडं निवू दिलं आणि पाना लावून मागंपुढं, मागंपुढं करत काढला. इथं घाई केली की स्टड आतच मोडतो आणि मग ड्रिल मारत मॅनिफोल्डचे आटे खराब होतात. नवे स्टड घातले आणि त्यावर पितळी नट. लोखंडावर लोखंडी नट गंजून एकजीव होतो, पितळी नट दहा वर्षांनीही सुटतो.

फ्लँज उद्यमनगरातल्या लेथवाल्या अण्णांकडून 10 मिमी प्लेटमधून कापून आणला. बाजारातला पातळ फ्लँज तापून वाकतो आणि परत पॅकिंग जाळतो. पुढच्या बेंडला दोन दिशांची वळणं होती, तयार बेंड जुळत नव्हते. मग जुनी रीत. पाइपात वाळू ठोकून भरायची, दोन्ही तोंडांना लाकडी बुच, गॅसवर लाल करायचा आणि साच्याभोवती हळूहळू वळवायचा. वाळू आधी तव्यावर भाजून अगदी कोरडी करून घेतली. ओल राहिली तर वाफ धरते आणि बुच गोळीसारखं सुटतं. पावसाळ्यात हे विसरणाऱ्याचा डोळा जाऊ शकतो, म्हणून वाळू मी स्वतः भाजतो, पोरांवर सोडत नाही.

पुढचा पाइप माइल्ड स्टीलचा, मागचं सगळं स्टेनलेसचं. पेट्रोल जळताना पाणी तयार होतं, लिटरभर पेट्रोलमागं जवळपास लिटरभर. पुढचा भाग तापलेला असतो, तिथं त्याची वाफच राहते. मागं डबा गार, तिथं ते साचतं आणि आतून पत्रा खातं. घर ते बाजार एवढीच फिरणारी गाडी म्हणूनच लवकर कुजते. दोन्ही धातूंचा सांधा आर्गन वायूच्या वेल्डिंगनं, असे वेगळे धातू जोडायची 309 नंबरची तार वापरून केला. साध्या तारेनं केलेला सांधा इथं तडकतो.

बसवताना मी एका गोष्टीवर हटून असतो. गाडी बॉडीला जॅक लावून उचलली की मागचा अॅक्सल खाली लोंबतो आणि पाइपाला भरपूर जागा आहे असं दिसतं. ती जागा खोटी असते. माणसं बसली, खड्ड्यात चाक गेलं की अॅक्सल वर येऊन पाइपावर आदळतो. म्हणून वजन चाकांवर ठेवून, मागच्या सीटवर दोन पोरं बसवून मग अंतर बघायचं. पेट्रोलच्या नळीपासून चार बोटं मोकळी ठेवली. पाइप रबर हँगरवर असा टांगला की एकही रबर ताणलेलं नाही. इंजिन हलतं, त्याच्याबरोबर पाइप हलला पाहिजे. जबरदस्तीनं ओढून बसवलेला पाइप आपलाच सांधा फोडतो. गाडीवर नुसते टाके मारले, पक्कं वेल्डिंग खाली काढून केलं.

पत्र्याचं काम वेगळं. सीट, फेल्ट, मॅट सगळं बाहेर, बॅटरीची तार काढलेली, ओली पोती अंथरलेली, वाळूची बादली हाताशी. कुजलेला पत्रा चांगला पत्रा लागेपर्यंत कापून काढला, नवा तुकडा बसवला, दोन्ही बाजूंनी सीलर. जिथून वायरी आत येतात तिथली कडक झालेली रबरी बुचं बदलली, डिक्कीचं रबरही नवं. शेपटीचं तोंड बंपरच्या बाहेर काढलं. बंपरच्या आत तोंड राहिलं तर चालत्या गाडीमागं जी पोकळी होते ती धूर डिक्कीकडं ओढते.

मग पीयूसीला गेलो आणि गाडी नापास. पोरगा चक्रावला. दोन महिन्यांपूर्वी गंजक्या सायलेन्सरवर पास झालेली गाडी नव्यावर नापास कशी? या वर्गातल्या जुन्या पेट्रोल गाड्यांना कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा 3 टक्के आहे, मशीन 4 च्या वर दाखवत होतं. मी त्याला म्हटलं, आत्ताचा आकडा खरा आहे, आधीचा खोटा होता. सांधा फुटलेला असला की दोन ठोक्यांच्या मधे पाइप बाहेरची हवा आत ओढतो. ती हवा मिसळून शेपटीपाशी धूर पातळ होतो आणि मशीन खूश होतं. प्रमाणपत्र खिशात, आणि खरा धूर मागच्या सीटखाली. पेट्रोल आणि हवा मिसळणारा कार्बुरेटर केव्हापासून जास्त पेट्रोल पाजत होता, ते गळतीनं झाकून ठेवलं होतं. एअर फिल्टर बदलला, कार्बुरेटरमधल्या फ्लोटची पातळी ठीक केली, मिक्स्चरचा स्क्रू जुळवला. आकडा 2 च्या खाली आला, आणि पुढं गाडी पेट्रोलही कमी प्यायला लागली.

जुन्या गाडीच्या मालकांना मी कळकळीनं सांगतो, पीयूसीच्या कागदावर विसंबू नका. वर्षातून एकदा, पावसाळ्याच्या आधी, गाडी खड्ड्यावर घ्या, फडक्यानं शेपटी दाबून सांधे ऐका, मॅटखालचा पत्रा टोचून बघा. अर्ध्या तासाचं काम आहे.

शेवटी आवाज. उद्यमनगराच्या रस्त्यावर चक्कर मारली. खालच्या फेऱ्यांवर भरीव, गोल आवाज. काच बंद केली की जवळजवळ नाही. पोरगा म्हणाला, "मामा, हाच पाहिजे होता." मालवणला ते पुढच्या आठवड्यात गेले. आल्यावर नट आवळायला गाडी आणायला सांगितलं होतं, कारण नवं पॅकिंग तापून दबतं आणि नट पाव फेरा ढिले होतात. काकू मागच्याच सीटवर बसून आल्या. पूर्ण घाट जागी होते, म्हणाल्या, दोन्ही बाजूंचा पाऊस बघत.

तो खोक्यातला डबा त्यानं परत पाठवला. मध्यंतरी आपल्या मित्राला घेऊन आला, जुन्या मारुती एस्टीमसकट. मित्राला आवाज बदलायचा होता. मी काही विचारायच्या आत यानंच मागचं दार उघडलं आणि मॅट उचलली.