नवी टूलचेन आणि न बोलता वगळलेल्या सोयी

मंगळवार, रात्री

क्लस्टरवरील, म्हणजे एकत्र जोडलेल्या संगणकांवरील, वैज्ञानिक सॉफ्टवेअर नव्या टूलचेनवर (कंपायलर आणि मूलभूत लायब्ररींच्या संचावर) नेण्याचे काम सध्या चालू आहे. आम्ही पॅकेजेस बांधण्यासाठी, म्हणजे मूळ कोडपासून तयार करण्यासाठी, इझीबिल्ड हे साधन वापरतो, जे मूळचे बेल्जियममधील गेंट विद्यापीठाचे आहे. त्यातील ‘फॉस’ टूलचेन २०२३ए वरून २०२५ए वर नेताना वरवर पाहता केवळ आकडे बदलतात: जीसीसी हा कंपायलर १२.३ च्या जागी १४.२, संगणकांमध्ये संदेश पोचवणारी एमपीआय लायब्ररी ओपनएमपीआय ४.१ च्या जागी ५.०, मॅट्रिक्सच्या गणिताची ओपनब्लास ०.३.२३ च्या जागी ०.३.२९, फूरिए रूपांतराची एफएफटीडब्ल्यू तर ३.३.१० वरच राहते. बहुतेक वेळ मात्र यातल्या पहिल्या आकड्यानेच खाल्ला आहे.

आधी जाहीर न केलेले फंक्शन सी भाषेत वापरले, तर ते ‘इंट’ परत करते असे गृहीत धरून कंपायलर पुढे जात असे. ही मुभा १९९९ च्या प्रमाणकानेच काढून घेतली होती, तरी जीसीसी इतकी वर्षे इशारा देऊन सोडून देत असे. मे २०२४ मध्ये आलेल्या चौदाव्या मालिकेपासून तो थेट एरर झाला. यावर कुरकुर करणारे पुष्कळ आहेत, पण मी त्यांच्यात नाही. चौसष्ट बिटांच्या यंत्रावर पॉइंटर परत करणाऱ्या फंक्शनला ‘इंट’ मानले, की पत्त्याचे वरचे बत्तीस बिट गळून पडू शकतात, आणि मग प्रोग्रॅम मूळ चुकीपासून कितीतरी दूर, भलत्याच ओळीवर कोसळतो.

बांधणी अशा एररवर थांबली तर मला चिंता वाटत नाही, कारण फाइल आणि ओळ समोर असते आणि बहुधा एक हेडर (फंक्शने जाहीर करणारी फाइल) जोडून काम भागते. धास्ती वाटते ती न थांबणाऱ्या बांधणीची. जुन्या पॅकेजेसच्या कॉन्फिगर स्क्रिप्ट बांधणीच्या आधी, एखादी सोय उपलब्ध आहे का हे पाहण्यासाठी चिमुकला सी प्रोग्रॅम कंपाइल करून पाहतात, आणि त्यातले कित्येक प्रोग्रॅम हेडर न जोडता ‘एक्झिट’ वापरतात किंवा ‘मेन’च्या आधी ‘इंट’ लिहीत नाहीत. नवा कंपायलर ते नाकारतो, स्क्रिप्ट त्याचा अर्थ ‘ही सोय येथे नाही’ असा लावते, आणि ती सोय वगळून पॅकेज व्यवस्थित बांधले जाते. पडद्यावर एकही एरर नसतो. म्हणून मी आता प्रत्येक जुन्या पॅकेजची कॉन्फिग.एच फाइल, जिच्यात स्क्रिप्ट कोणती सोय आहे नि कोणती नाही हे नोंदवते, दोन्ही टूलचेनवर तयार करून शेजारी शेजारी ठेवते, आणि जेथे ‘आहे’चे ‘नाही’ झाले असेल तेथे चाचण्यांची नोंद असलेली कॉन्फिग.लॉग उघडून कारण पाहते. काम कंटाळवाणे आहे, पण कंपायलरला ‘परमिसिव्ह’ फ्लॅग (सवलतीची सूचना) सरसकट लावून या चुका पुन्हा इशाऱ्यांवर उतरवणे मला पटत नाही.

फोर्ट्रानच्या बाबतीत मी इतकी कडक नाही. एकाच फाइलमध्ये एमपीआयचे तेच सबरूटीन एकदा पूर्णांकांचा आणि एकदा वास्तव संख्यांचा ॲरे देऊन बोलावले, तर जीसीसी १० पासून ते नाकारले जाते. परंतु तेथे पलीकडे केवळ पत्ता जातो आणि डेटाचा प्रकार वेगळा सांगितलेला असतो, म्हणून जुन्या हवामान-प्रारूपांना मी ‘अलाऊ आर्ग्युमेंट मिसमॅच’ हा फ्लॅग लावून मोकळी होते.

उत्तरांची पडताळणी अजून उरली आहे. ओपनब्लासची आवृत्ती बदलली की बेरजांचा क्रम बदलू शकतो आणि शेवटचे काही अंक हलतात, त्यामुळे जुन्या उत्तराशी बिट-बिट जुळणी न मागता प्रत्येक पॅकेजच्या चाचणीत किती फरक चालेल, हे ते वापरणाऱ्यांनाच विचारावे लागेल.

तोवर जुनी मॉड्यूल्स (क्लस्टरवर हवी ती आवृत्ती वापरात आणणाऱ्या फाइली) काढणार नाही. मात्र दोन्ही टूलचेनची मॉड्यूल्स एकत्र लोड करू नयेत, अशी सूचना उद्याच पाठवायची आहे. नव्याने बांधलेल्या सी++ प्रोग्रॅमला जीसीसी १२ ची लिबएसटीडीसी++ ही सी++ ची मूळ लायब्ररी मिळाली, तर तिच्यात ‘जीएलआयबीसीएक्सएक्स_३.४.३३’ ही आवृत्तीची खूण सापडत नाही म्हणून तो सुरूच न होण्याची शक्यता असते.