सगळ्यात म्हातारा कोस्टर

सिअ‍ॅटलहून पाचएक तास गाडी हाकून आयडाहोतल्या अथोलला, सिल्व्हरवुड या करमणूक पार्कात पोचलो, तर भाचीचा पहिला प्रश्न, "मामा, यातला सगळ्यात मोठा रोलर कोस्टर कुठला?" मी तिला सगळ्यात म्हातारा दाखवला.

सिल्व्हरवुडमधल्या या 'कॉर्कस्क्रू'ची उंची जेमतेम ७० फूट. आजच्या मानाने चिल्लरच. पण १९७५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या नॉट्स बेरी फार्म या पार्कात तो सुरू झाला, तेव्हा माणसाला डोकं खाली, पाय वर करून धड परत आणणारा आधुनिक काळातला पहिला कोस्टर होता. असे प्रयोग त्याआधी न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर झाले होते, पण तिथलं चक्र अगदी गोल, त्यामुळे मानेला जबर हिसका बसायचा. अ‍ॅरो डेव्हलपमेंट या कोस्टर बनवणाऱ्या कंपनीने ते चक्र स्क्रूच्या आट्यासारखं ताणलं. गाडी उलटते, पण पुढे सरकता सरकता. असे दोन आटे लागोपाठ. रूळ पोलादी नळ्यांचे, म्हणून ते हवे तसे पिळता आले; आणि चाकं नळीला वरून, बाजूने, खालून धरून असतात, त्यामुळे गाडी निसटायची सोयच नाही.

नॉट्सला पंधरा वर्षंही पुरी झाली नाहीत, तोच त्याच्या जागी नवा 'बूमरँग' आला. (तोही २०१७ मध्ये गेला!) म्हातारा १९९० मध्ये इथे आला. सिल्व्हरवुड तेव्हा दोन वर्षांचं होतं. गावच्या जत्रेतला पाळणा कसा सुटा होऊन ट्रकवर चढतो आणि पुढच्या गावी उभा राहतो, तसंच हे. फक्त इथे १,२५० फूट रूळ. पलीकडचा 'आफ्टरशॉक'ही असाच, इलिनॉयहून २००८ मध्ये आलेला. सेकंड हँड म्हणून नाक मुरडणाऱ्यांना इथे आणून बसवावं.

आई खाली चपला, चष्मे आणि चिवड्याचा डबा राखत बसली. आम्ही चढलो. साखळीची कट-कट-कट, मग उतार, आणि आटा येताच आकाश पायांखाली. भाची किंचाळली, मी "अरे देवा!" म्हणालो. मिनिटभरात खेळ खलास.

उतरल्यावर ती वळून बघत राहिली.

"मामा, त्या गोल भागाला ट्रकमध्ये आडवं ठेवलं असेल की उभं?"

मला सांगता येईना. तोवर ती पुन्हा रांगेत.