काही बैल टेबल आहेत

"सर्व बैल टेबल आहेत. काही टेबल खुर्च्या आहेत," मी मोठ्यानं वाचलं आणि ओसरीत दोर वळत बसलेल्या बाबांचा हात थांबला.

"कोन म्हनते?"

"कोनी नाई म्हनत बाबा. मानाच लागते."

"कायले मानाचं? बैल त गोठ्यात बांधून हाये!"

दिलेली विधानं खरी मानून निष्कर्ष तपासायचे, तलाठी भरतीच्या तयारीतला हा माझा सगळ्यात नावडता भाग. इंग्रज तर्कशास्त्रज्ञ जॉन व्हेननं 1880 साली मांडलेली वर्तुळं मी आईच्या जुन्या बांगडीनं काढते. लहान वर्तुळाला बाटलीचं झाकण. टेबलाच्या पोटात बैल बसवायचा. टेबलाला कापणारी खुर्ची एकदा बैलालाही कापून काढायची, एकदा बैलापासून लांब ठेवून. दोन्ही आकृत्या बरोबरच. म्हणून 'काही बैल खुर्च्या आहेत' हेही नक्की नाही आणि 'एकही बैल खुर्ची नाही' हेही नाही; पण दोहोंपैकी एक खरं असणारच. उत्तर: 'एकतर पहिला, नाहीतर दुसरा'. मी 'एकही नाही'वर खूण करून मोकळी झाले होते.

आपल्या न्यायदर्शनात, म्हणजे जुन्या तर्कशास्त्रात, बाबांची सोय आहे. डोंगरावर धूर दिसतो म्हणून तिथं आग, एवढं म्हणून भागत नाही. चुलीच्या खोलीचं उदाहरण द्यावं लागतं. अनुमानाच्या पाच अवयवांपैकी, म्हणजे पायऱ्यांपैकी, उदाहरण हा एक आख्खा अवयवच. टेबल झालेला बैल तिथं कुठून दाखवणार?

आणि ते 'काही'! परीक्षेत त्याचा अर्थ किमान एक. सगळेच असले तरी चालतं. आमच्याकडे लग्नात 'काही पाव्हणे जेवले' म्हटलं की बाकीचे उपाशी आहेत हे वाढप्याला सांगावं लागत नाही.

बाबांना हे समजावलं तेव्हा त्यांना मागच्या दिवाळीतला खेडा खरेदीवाला, गावात येऊन कापूस घेणारा व्यापारी, आठवला. त्यानं गाडीत कोपरापर्यंत हात घातला, तळाचा मूठभर कापूस काढून दाबला, "काही माल ओला हाये" म्हणाला आणि भाव पाडला सगळ्या गाडीचा. वरचा कापूस हातात कुरकुरत होता.

"बाबा, हा निष्कर्ष निघतच नाई," मी म्हटलं. कापसाचं मोठं वर्तुळ काढलं, त्याला जरासं कापणारं ओल्याचं झाकण ठेवलं, आणि कोरडा भाग पेन्सिलीनं गडद केला.

बाबांनी वही उजेडाकडे धरली. बराच वेळ पाहिलं.

"अन् याच्यात थो यापारी कुठी हाये?"