तुम्ही विचारलंत म्हणून: ट्रेलरच्या लाइटी स्वतः का जोडायच्या

“भाऊ, मोटरहोमवर एवढा पैसा घातला, मंग मागच्या ट्रेलरच्या लाइटीसाठी काहून जमिनीवर लोळता? चार वायरी तर आहेत. कोणाकडेही टाका, अर्ध्या तासात जोडून देते.”

मोटरहोम (आत राहायची सोय केलेली गाडी) घेऊन पेंचच्या वाटेवर चहाला थांबलं की हे ऐकायचं, पेट्रोल पंपावर ऐकायचं, लग्नाच्या पंगतीतही ऐकायचं. उभ्या उभ्या उत्तर देता येत नाही म्हणून आजवर विषय बदलत आलो. आज एकदा सगळं लिहून टाकतो.

अर्ध्या तासात जोडणी होते, हे मला मान्य आहे. त्या दिवशी सगळे दिवे पेटतात, हेही मान्य. माझं म्हणणं पुढच्या पावसाळ्याबद्दल आहे. प्लगमध्ये पाणी शिरतं, काळी माती आत जाऊन वाळते, आणि मे महिन्यात इन्सुलेशन टेपचा गोंद वितळून टेप जॉइंटवरून सरकते. तेव्हा रात्री रस्त्याच्या कडेला टॉर्च धरून बिघाड शोधायचा असतो. कुठली वायर कुठून नेली आणि जॉइंट कुठे आहे, हे ज्याच्या हातांना ठाऊक आहे त्यालाच तो सापडतो. जोडून देणारा तेव्हा घरी झोपलेला असतो.

आणि वायरी चार नाहीत. आपल्याकडे इंडिकेटर पिवळा आणि वेगळा, ब्रेक लाल आणि वेगळा. त्यामुळे सात पिनांचा प्लग लागतो: १ पिवळी डावा इंडिकेटर, ३ पांढरी अर्थ (करंट बॅटरीकडे परत नेणारी), ४ हिरवी उजवा इंडिकेटर, ५ तपकिरी उजवा टेल (रात्री मागे सतत पेटणारा लाल दिवा), ६ लाल ब्रेक, ७ काळी डावा टेल. २ नंबरची निळी फॉग लॅम्पची, आपल्याकडे बहुधा रिकामीच राहते. ‘चार वायरी’ हे अमेरिकेतून बॅगेत घालून आणलेल्या किटमुळे डोक्यात बसलंय. तिकडे बऱ्याच गाड्यांत एकच लाल दिवा ब्रेकचंही काम करतो आणि वळायचंही, म्हणून पांढरी, तपकिरी, पिवळी, हिरवी एवढ्यात भागतं. ते किट इथल्या गाडीला तसंच लावलं की ब्रेक आणि इंडिकेटर एकमेकांत घुसतात. भाच्याने प्रेमाने आणलं म्हणून ते बसवा, असं मी कोणालाही सांगणार नाही.

आता एका ट्रेलरबद्दल सांगतो. इतका आटापिटा मी का करतो, ते त्यातूनच कळेल.

पुढे ट्रॅव्हलर मिनीबसवर बांधलेली कॅम्पर, म्हणजे छोटी मोटरहोम, मागे दोन मोटरसायकली वाहणारा नोंदणीचा ट्रेलर. रात्री जबलपूर रोडने नागपूरकडे येताना मनसरच्या आसपास ट्रकने मागून ठोकलं. वेग कमी होता, कुणाला लागलं नाही. मागची फळी तुटली, एका मोटरसायकलचं मडगार्ड चेपलं. ट्रकवाला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होता: ट्रेलरची लाइट ब्रेकला वाढली नाही, ती विझली. सगळ्यांना ती पळवाट वाटली, कारण तिथेच उभ्याने पाहिलं तर टेल, ब्रेक, इंडिकेटर सगळं व्यवस्थित पेटत होतं.

ट्रकवाला खरं बोलत होता. आणि ते वायरिंग माझ्या हातचं होतं.

घडलं ते असं. प्लगमधल्या ३ नंबरच्या पिनेत अर्थची वायर नुसती पिळून स्क्रूखाली दाबलेली होती. स्क्रूने तिच्या बारीक तारा एकेक करून कापल्या, उरलेल्या हिरव्या पडल्या. अर्थ तुटली, पण कळलं नाही, कारण लोखंडी ट्रेलरला अर्थ तो ज्यावर अडकवतात त्या हुकच्या गोळ्यातूनही मिळते. गाडी उभी असली की ट्रेलरचा भार गोळ्यावर बसतो, धातूला धातू लागतो, दिवे पेटतात. चालत्या गाडीत तो हादरतो, आणि गोळ्याला ग्रीस फासलेलं असतं. संपर्क क्षणाक्षणाला जातो.

आता अर्थ गेल्यावर करंट कुठून परततो ते बघा. टेल आणि ब्रेक एकाच डबल फिलामेंटच्या बल्बात, २१ आणि ५ वॅटचे. दोन्ही फिलामेंटची अर्थ एकच. टेल चालू असताना ५ वॅटच्या फिलामेंटमधून आलेला करंट अर्थ न मिळाल्यामुळे २१ वॅटच्या फिलामेंटमधून उलटा ब्रेकच्या वायरीत शिरतो आणि पुढे कॅम्परच्या ब्रेक बल्बमधून कॅम्परच्या अर्थला जातो. मोठ्या फिलामेंटचा विरोध कमी, त्यामुळे टेल जवळजवळ नेहमीसारखा पेटतो. बघणाऱ्याला सगळं ठीक वाटतं. मग ड्रायव्हर ब्रेक दाबतो. ब्रेकच्या वायरीत १२ व्होल्ट येतात. आता बल्बच्या दोन्ही टोकांना १२ व्होल्ट, परतीची वाट बंद. ब्रेक पेटत नाही आणि पेटलेला टेलही विझतो. मागच्या ट्रकला ट्रेलर नेमका ब्रेकच्या क्षणी दिसेनासा होतो.

तरी इंडिकेटरमधून वाट मिळायला हवी होती, असं जाणकार विचारतील. मिळाली असती. पण ट्रेलरचे जास्तीचे २१ वॅट लागले की इंडिकेटर लुकलुकवणारा फ्लॅशर भराभर टकटकायचा, म्हणून मी फक्त इंडिकेटरला रिले (गाडीच्या दिव्याचा सिग्नल मिळाला की बॅटरीवरून करंट सोडणारे स्विच) लावले होते. रिले बंद असला की ती वायर तुटलेलीच. टेल आणि ब्रेक मात्र कॅम्परच्या वायरीवर क्लिप दाबून सरळ घेतले होते. तेव्हा मी छातीठोकपणे सांगायचो की ब्रेक स्विचला साडेतीन अँपिअर जास्त गेले तर काही बिघडत नाही. स्विचचं काहीच बिघडलं नाही.

म्हणून आता चारही ओळींना रिले: डावा, उजवा, ब्रेक, टेल. १२ व्होल्ट, ३० अँपिअरचे चार पायांचे साधे रिले. ३० नंबरच्या पायाला बॅटरीवरून अडीच एमएमची (चौरस मिलिमीटर छेदाची) वायर, बॅटरीपासून वीतभर अंतरात १५ अँपिअरचा फ्यूज. ८५ ला अर्थ, ८६ ला कॅम्परच्या दिव्याचा सिग्नल, ८७ ट्रेलरला. हॅझार्ड (सगळे इंडिकेटर एकदम), ब्रेक, टेल, नंबर प्लेट असं सगळं एकदम चालू केलं तर साधारण १०० वॅट, म्हणजे सव्वाआठ अँपिअर होतात. १५ चा फ्यूज पुरतो. रिलेमुळे अर्थ तुटायची थांबत नाही, हे मी कबूल करतो. पण चारही ओळी रिलेवर असल्या की अर्थ गेल्यावर ट्रेलर पूर्ण अंधारा होतो आणि निघण्यापूर्वी हुक न लावता फेरी मारली की ते लगेच कळतं. बिघाड लपून राहत नाही.

अर्थसाठी लोखंडावर विसंबायचं नाही. प्रत्येक दिव्यापासून स्वतंत्र वायर ट्रेलरच्या जॉइंट बॉक्समध्ये, तिथून अडीच एमएमची एक वायर प्लगच्या ३ नंबरला, आणि सॉकेटपासून तशीच थेट कॅम्परच्या बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत. वायरच्या टोकाला थिंबल (धातूची टोपी) पक्कडीने दाबून, म्हणजे क्रिम्प करूनच स्क्रूखाली घालायचं.

जाडीवरून वाद घालणाऱ्यांसाठी हिशेब देतो. बॅटरीपासून ट्रेलरच्या टोकापर्यंत ११ मीटर धरा. पाऊण एमएमची वायर असेल तर ब्रेकच्या साडेतीन अँपिअरला जाताना ०.९ व्होल्ट आणि येताना तेवढेच पडतात. १२.६ चे १०.८ होतात. ऐकायला किरकोळ वाटतं, पण फिलामेंटचा उजेड व्होल्टेजपेक्षा फार वेगाने घटतो. दिव्याचा चाळीस टक्के उजेड तिथेच जातो. अडीच एमएमला एका बाजूची घट पाव व्होल्टच्या जरा वर राहते.

आणि तपासणी. हुक लावून तपासू नका. ट्रेलर त्याच्या पुढच्या चाकावर उभा करा, गोळ्यापासून मोकळा, साखळीही सुटी, फक्त प्लग लावलेला. टायर रबराचे, त्यामुळे अर्थ आता वायरीतूनच मिळणार. मग टेल, ब्रेक आणि इंडिकेटर एकाच वेळी चालू करा. एकेक दिवा वेगळा तपासून काही कळत नाही. मल्टिमीटरचं एक टोक कॅम्परच्या बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं ट्रेलरच्या दिव्याच्या अर्थ पिनेला. अर्धा व्होल्ट किंवा कमी आला तर ठीक. जास्त आला तर प्लगपासून सुरुवात करा, दहातले आठ वेळा दोष तिथेच निघतो. त्या ट्रेलरला हुकवरून उतरवून मीटर लावला तेव्हा काटा पार पलीकडे गेला होता. ही पाच मिनिटांची तपासणी मी तेव्हा केली नव्हती, त्याला माझ्याकडे काही उत्तर नाही.

मोठ्या बसच्या चेसिसवर बांधलेली मोटरहोम २४ व्होल्टची असते. तिच्यामागे १२ व्होल्टचे बल्ब लावाल तर लगेच जातील. एकतर ट्रेलरला २४ चे बल्ब घाला, नाहीतर रिलेची कॉइल २४ ची घेऊन ३० ला रिड्यूसरमधून १२ द्या.

अमेरिकेतून फोन करणाऱ्यांचा प्रश्न वेगळा असतो. तिकडे मोटरहोमच्या मागे अख्खी जीप चारही चाकांवर ओढत नेतात. (आपल्याकडे चांगली चालती गाडी अशी ओढायला कायद्याची मुभा नाही. बंद पडलेली गाडी, नोंदणीचा ट्रेलर वगैरेच.) त्यांना मी सांगतो, जीपच्या टेल लॅम्पमध्ये जागा असेल तर भोक पाडून स्वतंत्र बल्ब बसवा, जीपच्या वायरींना हातच लावू नका. जागा नसेल तर प्रत्येक ओळीला डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा) घाला. डायोड नसेल तर मोटरहोमचा करंट जीपच्या स्विचमध्ये आणि कंट्रोल युनिटमध्ये उलटा शिरतो. डायोड वापरला तरी एक अडचण उरते: जीपचा पेडल दाबणारी जादा ब्रेक यंत्रणा असेल तर जीपचा स्वतःचा ब्रेक लाइट सलग पेटतो आणि त्याच बल्बातला इंडिकेटर दिसत नाही. त्यासाठी जीप ओढून नेताना तिच्या ब्रेक स्विचची वायर तोडणारा वेगळा स्विच लागतो. चुंबकाने चिकटवायचे दिवे एखाद्या फेरीला चालतील. रोजच्या वापराला मी ते सुचवत नाही, केबल बॉनेटवर घासून रंग जातो आणि प्लॅस्टिकच्या बंपरवर चुंबक धरतच नाही.

जॉइंटबद्दल माझं मत दोनदा बदललंय. आधी म्हणायचो, सोल्डर केल्याशिवाय जॉइंट नाहीच. मग दिसलं की सोल्डर जिथे संपतं तिथे वायर ताठ होते आणि हादऱ्याने नेमकी तिथेच तुटते. आता क्रिम्प आणि वर आतून गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव (गरम केली की आवळणारी नळी). पण स्वस्त पक्कडीने केलेला क्रिम्प ओढला की निघून येतो, त्यापेक्षा जुनं सोल्डर बरं, असंही कधीकधी वाटतं. वायर दर फूटभर अंतरावर क्लिपने बांधली असेल तर सोल्डरही टिकतो, हे मी पाहिलंय.

एलईडीचंही तसंच. करंट इतका कमी की वायरच्या जाडीचा वादच संपतो, आणि बंद डब्यात पाणी जात नाही. पण एक कोपरा गेला तर सगळा दिवा बदला, आणि तो दिवा रात्री अकरा वाजता महामार्गावर मिळत नाही. २१/५ चा बल्ब ट्रकच्या टायरवाल्याकडेही मिळतो. सध्या माझ्या ट्रेलरला मागे बल्बच आहेत, नंबर प्लेटला एलईडी, आणि दाराच्या खिशात बल्बांची एक डबी.