आमची वाटचाल : होडीच्या नाळेवरून फॉन्टपर्यंत

१ जूनला मासेमारी बंद झाली की मालवणात बाबांचा हंगाम सुरू व्हायचा. झापाखाली ओढून ठेवलेल्या होड्या नारळी पौर्णिमेआधी रंगवून द्यायच्या आणि नाळेवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावर, नाव घालायचं. फळी वळेल तशी शिरोरेषा वळायची, सांध्यावर ब्रश अडखळला की काना कलायचा. बाबा ते पुसत नसत. आमच्या फॉन्टचा स्वभाव तिथलाच. तिरका चालतो म्हणून घरात त्याला कुर्ली, म्हणजे खेकडा, म्हणतात.

फ्लेक्स आला आणि ब्रशचं काम आटलं. मी बाबांची अक्षरं स्कॅन करून फॉन्टफोर्ज या फॉन्ट बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये बसवायला घेतली. वाटलं, पन्नासेक अक्षरं, दोन महिन्यांचं काम. जोडाक्षरं धरून सहाशेच्या वर आकृत्या झाल्या! सगळ्यांत रडवलं शिरोरेषेने. होडीवर ती एका दमात ओढलेली असते. फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षर आपापला तुकडा घेऊन येतं, आणि कोण कोणाशेजारी बसेल याचा नेम नाही. म्हणून लाट मधे ठेवली, दोन्ही टोकं एकाच उंचीची, एकाच जाडीची. मग 'मालवणचा राजा' लिहून पाहिलं. चार काने, चारही हुबेहूब. मजाच गेली. आता काने पाच तऱ्हांचे आहेत आणि ओपनटाइप या फॉन्टच्या तंत्रातल्या नियमाने आलटून-पालटून येतात.

पहिलं मोठं काम माझ्याच चुकीने फसलं. 'ऱ्या'मधला आडवा अर्धा र काढायलाच मी विसरलो होतो. बोर्डवाल्याने हाताशी होता तो रफार लावला आणि एका खानावळीवर 'आचाऱ्यांच्या'ऐवजी 'आचार्यांच्या हातचे मासे' झळकले. मालक भला माणूस, हसला. गिऱ्हाइकं मात्र विचारत राहिली, आचार्य कुठल्या मठाचे?

हा फॉन्ट कुठे वापरू नये ते आम्ही विकतानाच सांगतो. कोकम सरबताची बाटली, होमस्टेची पाटी, बारशाची पत्रिका, दशावताराचा बोर्ड, इथे झकास. बाटलीमागच्या घटकांच्या यादीत नको. बारीक केला की 'भ'च्या डोक्यावरची फट लाटेत बुजते आणि भाताचा मात होतो. 'घ' आणि 'ध'चीही तीच गत. आंब्याच्या पेटीवर 'हापूस' खुशाल नाचू दे, वजन आणि किंमत सरळ अक्षरात हवी. एकाला तेराव्याच्या पत्रिकेसाठी हाच हवा होता. नाही दिला.

लोक विचारतात, मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेचा 'बालू' फॉन्ट फुकट मिळतो, मग तुमचा विकत का घ्यायचा? रास्त प्रश्न. बालू गुबगुबीत आणि शहाणा, बऱ्याच कामांना मीच तो सुचवतो. ज्याला फळीचा बाक हवा असेल त्याने कुर्ली घ्यावी.

बाबांनी ब्रश खाली ठेवलाय, नजर नाही ठेवली. परवा पडद्यावर 'सागरकमळ' बघून म्हणाले, "हो ळ माझो नाय." खरंच, जुन्या कागदांत सापडला नाही म्हणून तो मी काढला होता. नव्या आवृत्तीसाठी त्यांनी पेन्सिलीने काढून दिलाय.